जंतूचं नाव कळलं, आता प्रकार कोणता?

वाचकांचे प्रश्न : वराहपालन

डुकरांच्या श्वसनरोगांवरची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांच्या हातात प्रयोगशाळेचा कागद आहे, त्यावर जंतूचं नाव आहे आणि खाली ‘टायपिंग करावे’, म्हणजे त्या जंतूचा प्रकार काढावा, अशी एक ओळ आहे. नाव कळल्यावर पुन्हा खर्च कशाला, असं अनेकांनी विचारलंय. प्रश्न रास्त आहे. मी पशुवैद्यक महाविद्यालयात जीवाणूशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतरही प्रयोगशाळेत जाते, तरी माझं मत असं आहे की ज्या टायपिंगच्या उत्तराने तुमच्या शेडवर काहीच बदलणार नाही, ते करू नये. ज्याने बदलणार आहे, ते मात्र टाळू नये.

प्रश्न : मॅडम, माझ्याकडे यॉर्कशायर संकराची साठ-सत्तर जनावरं आहेत. पाऊस सुरू झाला आणि पाच मोठी डुकरं ताप भरून, धापा टाकत मेली. दोघांचा गळा सुजला होता. अहवालात ‘पाश्चुरेला मल्टोसिडा’ आलं. गावातले लोक म्हणतात, हा घटसर्पच आहे, म्हशींना टोचतो तीच लस यांना टोच. टोचू का?
— एक वराहपालक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी एक गोष्ट विचारते. आफ्रिकन स्वाइन फिव्हरची तपासणी झाली आहे का? २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात हा रोग भारतात पहिल्यांदा सापडला. तेव्हापासून ताप येऊन एकामागून एक मोठी डुकरं मरत असतील, तर तो विषाणू नाही ना हे पहिल्यांदा पाहावं लागतं. त्याच्यावर औषध नाही. फुप्फुसात पाश्चुरेला सापडला म्हणून तो विषाणू नाही असं ठरत नाही, दोन्ही एकाच जनावरात असू शकतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवलं नसेल तर आजच कळवा.

तो रोग नाही असं ठरल्यावर तुमच्या प्रश्नाकडे येऊ. लस टोचण्याआधी जंतूचा प्रकार काढून घ्या. तुमच्या बाबतीत टायपिंगवरच निर्णय अवलंबून आहे.

पाश्चुरेला मल्टोसिडा या एका नावाखाली बरेच वेगवेगळे जंतू येतात. कोंबड्यांचा कॉलरा, सशांची वाहती सर्दी, म्हशींचा घटसर्प आणि डुकरांचा न्यूमोनिया, सगळीकडे हेच नाव. वेगळं असतं ते जंतूच्या अंगावरचं कवच. त्यावरून त्याचे ए, बी, डी, ई आणि एफ असे पाच प्रकार केले आहेत. आपल्याकडचा घटसर्प बी प्रकाराचा, ई आफ्रिकेत आढळतो. डुकरांच्या न्यूमोनियात बहुतेक वेळा ए निघतो आणि त्याखालोखाल डी. डुकराचं नाक आखडून वाकडं होण्याचा जो रोग आहे, त्यात विष तयार करणारा पाश्चुरेला असतो आणि तो पुष्कळदा डी प्रकाराचा निघतो. आता तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं: भारतात डुकरांमध्ये बी प्रकारही सापडतो. तो आला की चित्र थेट घटसर्पाचं दिसतं. भरपूर ताप, गळ्याला सूज, एक-दोन दिवसांत मरण, आणि हंगाम पावसाळ्याचा. तुमच्या दोन डुकरांचे गळे सुजले होते, म्हणून गावातल्या लोकांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. जनावरांत आयुष्य घालवलेल्या माणसांची नजर बरेचदा बरोबर असते.

पण आपली घटसर्पाची लस पी-५२ नावाच्या बी प्रकाराच्या जंतूपासून बनते. तुमच्या शेडमध्ये ए प्रकार असेल तर ही लस त्याला अडवणार नाही. ए प्रकाराचं कवच हायलुरॉनिक आम्लाचं असतं, आणि हाच पदार्थ डुकराच्या स्वतःच्या सांध्यांत, कातडीत असतो. त्यामुळे शरीराला हा जंतू परका वाटत नाही आणि तो बिनबोभाट आत शिरतो. बी प्रकाराचं कवच निराळं.

प्रकार काढायची रीत आता सोपी झाली आहे. २००१ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी कवच तयार करणारी जनुकं शोधून पाचही प्रकार एकाच नळीत ओळखणारी पीसीआर (जनुकाचा तुकडा वाढवून ओळखायची चाचणी) बसवली. जेलवर ४६० बेसची, म्हणजे ४६० अक्षरं लांब जनुकतुकड्याची, पट्टी दिसली की जंतू पाश्चुरेला मल्टोसिडा आहे हे पक्कं होतं. तिच्याबरोबर १०४४ ची पट्टी आली तर ए, ७६० ची आली तर बी, ६५७ ची आली तर डी. एका दिवसाचं काम आहे. पाश्चुरेलावर काम करणाऱ्या आपल्याकडच्या प्रयोगशाळांना ते नवं नाही.

उत्तर बी आलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने डुकरांना घटसर्पाची लस द्या, आणि शेजारच्या गोठ्यातल्या गाई-म्हशींची लस राहिली असेल तर तीही उरकून घ्या. उत्तर ए आलं तर लसीचे पैसे वाचवा आणि शेडकडे बघा. ए प्रकार एकटा फारसा काही करत नाही. मायकोप्लाझ्मा हा खोकल्याचा जंतू, पीआरआरएस या प्रजनन-श्वसनरोगाचा विषाणू, सर्कोव्हायरस हा आणखी एक विषाणू किंवा नुसती ओल आणि गर्दी, यांपैकी कुणीतरी फुप्फुसाची वाट आधी मोकळी करून दिलेली असते. डी आलं तर विषाचं ‘टॉक्स-ए’ हे जनुक आहे का, एवढं त्याच नमुन्यावर बघायला सांगा.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी मूळचा सांगलीचा, सध्या इंग्लंडमध्ये यॉर्कशायर भागात डुकरांच्या मोठ्या फार्मवर काम करतो. वाढीच्या शेवटच्या टप्प्यातली काही डुकरं अचानक मेली, नाकातोंडातून रक्ताळ फेस आला होता. अहवाल आला: एपीपी, सीरोव्हर ८. फार्मच्या जुन्या फाइलमध्ये मात्र ‘३/६/८’ असं लिहिलेलं आहे. जंतू बदलला का? शेजारच्या फार्मवरही ८ च निघालाय. तिकडूनच आला असं आमचा मालक म्हणतो.

उत्तर : जंतू बहुधा तोच आहे, त्याला ओळखायची पद्धत बदलली.

एपीपी म्हणजे ॲक्टिनोबॅसिलस प्लुरोन्यूमोनिए. न्यूमोनियाबरोबर छातीचं आवरण सुजवणाऱ्या या जंतूची पहिली नोंद इंग्लंडमध्येच १९५७ साली झाली. पुढे १९६४ मध्ये रिचर्ड शोप यांनी अर्जेंटिनातल्या साथीचं वर्णन केलं. डुकरांचा इन्फ्लुएन्झा विषाणू वेगळा काढणारे तेच हे शोप. तेव्हा या जंतूला हिमोफिलसमध्ये धरत, १९८३ पासून तो ॲक्टिनोबॅसिलसमध्ये आला.

त्याचे प्रकार, म्हणजेच सीरोव्हर, पाडण्यासाठी अनेक वर्षं सशांच्या रक्तातलं प्रतिद्रव वापरलं गेलं. ठरावीक प्रकाराचा जंतू सशाला टोचायचा, त्याचं सीरम काढायचं आणि नव्या जंतूशी ते जुळतं का ते पाहायचं. माझी सुरुवातीची वर्षं अशाच सीरमच्या बाटल्या सांभाळण्यात गेली, त्यामुळे या पद्धतीची कदर मला आहे. पण तिची एक मोठी अडचण होती. ३, ६, ८ आणि पुढे २००२ मध्ये जोडलेला १५, या चौघांच्या बाह्य पटलावरची साखरेची साखळी इतकी सारखी की एकाचं सीरम दुसऱ्याशीही जुळतं. १, ९ आणि ११ यांचं तसंच, ४ आणि ७ यांचंही तसंच. मग प्रामाणिक प्रयोगशाळा ‘३/६/८’ असं एकत्र लिहायची. तुमच्या फाइलमध्ये तेच आहे.

पीसीआर ही साखळी बघतच नाही. ती कवचाची जनुकं वाचते आणि ती प्रत्येक प्रकारात वेगळी असतात. अपवाद ९ आणि ११ यांचा, त्यांची जनुकं जवळजवळ सारखी आहेत. या कामात लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधल्या जॅनीन बॉसे आणि पॉल लँगफर्ड यांच्या गटाचा वाटा फार मोठा आहे. २०१८ मध्ये त्यांनी १७ आणि १८ हे प्रकार मांडले, २०२१ मध्ये १९ वा मांडला गेला, आणि सगळे प्रकार पकडणारी पीसीआरही त्याबरोबर आली. ब्रिटनमधले साठवलेले जंतू नव्या पद्धतीने तपासले तेव्हा तिथे सर्वांत जास्त आढळणारा प्रकार ८ च असल्याचं स्पष्ट झालं.

आणि म्हणूनच तुमच्या मालकाचं अनुमान कच्चं आहे. जिथे बहुतेक फार्मवर ८ च निघतो, तिथे तुमच्याकडेही ८ आणि शेजाऱ्याकडेही ८, यावरून काही सिद्ध होत नाही. एकाच गावात दोन पाटील भेटले म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत. सीरोव्हर कळला की दोन प्रश्नांची उत्तरं मिळतात. पहिला, जंतू किती घातक असू शकतो. हा जंतू एपीएक्स नावाची विषं सोडतो. १, ५, ९ आणि ११ हे प्रकार पहिलं आणि दुसरं विष बनवतात आणि ते सर्वांत जहाल मानले जातात. ८ आणि १५ हे दुसरं आणि तिसरं बनवतात. ७ आणि १२ यांच्याकडे फक्त दुसरं. चौथं विष सगळ्यांकडे असतं, पण जंतू डुकराच्या शरीरात असतानाच ते तयार होतं. म्हणून जंतू एपीपीच आहे हे ठरवायला त्या चौथ्या विषाचं जनुक शोधतात. दुसरा प्रश्न लसीचा. मारलेल्या जंतूंपासून केलेली लस मुख्यतः आपल्याच सीरोव्हरला आवरते. ८ च्या साथीत २ ची लस टोचून फारसं हाती लागत नाही. विषांपासून बनवलेल्या लसींची व्याप्ती जास्त असते.

‘कुठून आला’ याचं उत्तर हवं असेल तर दोन्ही फार्मवरच्या जंतूंचा संपूर्ण जीनोम (सगळ्या जनुकीय अक्षरांचा क्रम) वाचून ताडून पाहावा लागेल. या जंतूचा जीनोम सुमारे २३ लाख अक्षरांचा आहे. दोन जंतूंमध्ये मोजक्या अक्षरांचा फरक निघाला तर नातं जवळचं, हजारोंचा निघाला तर तुमच्या शेजाऱ्याचा संबंध नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात २०२१-२२ च्या हिवाळ्यात हे काम प्रत्यक्ष झालं. विक्रीच्या वजनाला आलेल्या डुकरांत १५ व्या प्रकाराची मोठी साथ आली. वेगवेगळ्या फार्मवरच्या जंतूंचे जीनोम एकमेकांच्या अगदी जवळचे निघाले. म्हणजे प्रत्येक फार्मवर जुनाच जंतू आपापला उफाळला होता असं नव्हतं, एकच जंतू फार्म ओलांडत फिरत होता. असं कळलं की शोध ट्रक, मेलेली जनावरं उचलणाऱ्या गाड्या, अवजारं आणि माणसांचे बूट यांच्याकडे वळवावा लागतो. प्रत्येक फार्मने आपल्यापुरतं औषध देत बसण्यापेक्षा हे फार वेगळं काम आहे.

जीनोममधून प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकंही दिसतात, उदाहरणार्थ पेनिसिलिन फोडणारं ‘रॉब-१’ किंवा टेट्रासायक्लिनचं ‘टेट-बी’. तरीही बशीवर औषधाच्या चकत्या ठेवून केलेली चाचणी सोडू नका, आजारी डुकराला आज कोणतं इंजेक्शन द्यायचं हे तीच लवकर सांगते.

शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी एक तपासा: गेल्या काही महिन्यांत नव्या माद्या कुठून आणल्या? हा जंतू हवेतून फार लांब जात नाही. साथीतून वाचलेलं डुक्कर दिसायला ठणठणीत असतं, पण त्याच्या टॉन्सिलमध्ये जंतू महिनोन्‌महिने दबा धरून राहतो. माझा संशय शेजारच्या शेडपेक्षा विकत आणलेल्या जनावरांवर जास्त आहे.

प्रश्न : मॅडम, मी परभणीला पदव्युत्तर शिक्षण घेते. एका शोधनिबंधात सीरोटाइप, दुसऱ्यात जीनोटाइप, तिसऱ्यात एसटी असा नंबर. एकाच जंतूला इतकी नावं कशी? परीक्षेपुरतं नको, नीट समजून घ्यायचंय.

उत्तर : शेवटचं वाक्य वाचून फार बरं वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जंतूच्या वेगवेगळ्या भागांकडे पाहून दिलेली ही नावं आहेत, त्यामुळे ती एकमेकांची जागा घेत नाहीत. सीरोटाइप म्हणजे सीरमने ओळखलेला प्रकार, जीनोटाइप म्हणजे जनुकांवरून ओळखलेला. पाश्चुरेलाच घे. कवचावरून ए ते एफ. त्याखालच्या लायपोपॉलिसॅकराइड या साखर-चरबीच्या थराच्या जनुकांवरून एल-१ ते एल-८ असे आठ गट, ही पद्धत २०१५ ची. आणि पेशीचं रोजचं काम चालवणाऱ्या सात जनुकांच्या क्रमावरून एसटी, म्हणजे सिक्वेन्स टाइप. आपल्या घटसर्पाचा जंतू या तीन नजरांनी बी, एल-२ आणि एसटी-१२२ असा दिसतो. कवच हा जंतूचा वरचा भाग, त्याच्यावर डुकराच्या प्रतिकारशक्तीचा सतत मारा असतो आणि कवचाची जनुकं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊही शकतात. पेशीच्या घरकामाची सात जनुकं सावकाश बदलतात, म्हणून वंश कळायला ती बरी. लस निवडायची असेल तर कवच बघ, वंशावळ लावायची असेल तर एसटी, आणि याच महिन्यातल्या दोन साथींचा संबंध जोडायचा असेल तर एसटीही अपुरा पडतो, तिथे संपूर्ण जीनोमच लागतो.

एक खड्डा आहे, त्यात अनेक जण पडतात. पाश्चुरेला मल्टोसिडासाठी एसटीच्या दोन स्वतंत्र योजना आहेत, एक आरआयआरडीसी आणि दुसरी मल्टिहोस्ट. दोन्हींचे नंबर जुळत नाहीत. एसटी-१२२ हा पहिल्या योजनेतला आहे. प्रबंधात नंबर लिहिशील तिथे योजनेचं नाव लिहायला विसरू नकोस.

पीसीआरने प्रकार कळला म्हणजे संपलं, असंही समजू नकोस. डुकरांतल्या दुसऱ्या एका जंतूचे, स्ट्रेप्टोकॉकस सुइसचे, प्रकार २ आणि प्रकार १/२ घे. यांची कवचाची जनुकं एकसारखी आहेत, फरक आहे तो सीपीएस-के या जनुकातल्या ४८३ व्या जागेवरच्या एका अक्षराचा. तिथे जी असेल तर २, सी किंवा टी असेल तर १/२. १४ आणि १ यांच्यात हाच फरक. एवढ्या एका अक्षराने साखळीतली एक साखर बदलते आणि सीरम निराळं वागतं. साधी पट्टी पाहणारी पीसीआर हा फरक दाखवूच शकत नाही, तिथे जनुक वाचावंच लागतं. डुकरांच्याच ग्लेसरेला पॅरासुइस या जंतूचे १५ प्रकार २०१५ च्या पीसीआरने वेगळे ओळखता येतात, पण त्यांतले ५ आणि १२ एकत्रच येतात. हा जंतू २०२० पर्यंत हिमोफिलस पॅरासुइस होता, तेव्हा जुने निबंध शोधताना दोन्ही नावं टाक.

कुठलीही नवी पद्धत वाचताना स्वतःला विचार: ही पद्धत जंतूचा कोणता भाग बघते, आणि तो भाग किती वेगाने बदलतो? एवढं विचारत गेलीस की नावांची गर्दी आपोआप सुटी होत जाईल.

प्रश्न : आमच्या शेडमध्ये वर्षभर कोरडा खोकला आहे. मरतुक नाही, पण डुकरं एकसारखी वाढत नाहीत. पेनिसिलिन देऊन पाहिलं, काही फरक नाही. पीसीआरमध्ये मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए आला. शेजारच्या उसातून रानडुकरं शेडपर्यंत येतात. त्यांच्याकडूनच आला का, हे टायपिंगने कळेल का?
— कोल्हापूर जिल्हा

उत्तर : पेनिसिलिन चालणारच नव्हतं. ते जंतूची भिंत बांधू देत नाही, आणि मायकोप्लाझ्माला भिंतच नसते. औषधाचा गट बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

रानडुकरांचा तुमचा संशय निराधार नाही. स्वित्झर्लंडने १९९६ ते २००४ या काळात एकेक भाग घेत देशभरातल्या कळपांतून हा खोकला काढून टाकायची मोहीम राबवली. त्यानंतरही अधूनमधून एखाद्या फार्मवर तो उगवायचा. तेव्हा त्यांनी जंतूच्या पी-१४६ या जनुकात एक तुकडा किती वेळा पुन्हापुन्हा येतो ते वाचून प्रकार पाडले. काही ठिकाणी पाळीव डुकरातला आणि त्या भागातल्या रानडुकरातला प्रकार एकच निघाला. काही ठिकाणी मात्र तो फार्मवरून फार्मवर गेला होता. हा जंतू प्रयोगशाळेत वाढवायला कित्येक आठवडे घेतो आणि बरेचदा वाढतही नाही, म्हणून ही पद्धत थेट फुप्फुसाच्या नमुन्यावर चालते हा तिचा मोठा गुण.

पण ज्या कळपात रोगच नव्हता, तिथे तो नव्याने आला तर ‘कुठून’ या प्रश्नाला अर्थ असतो. तुमच्याकडे तो वर्षभर मुरलेला आहे. आईकडून पिलाला, मोठ्याकडून लहानाला असा तो आतल्या आत फिरतोय. प्रकार कळून तुमचा एकही निर्णय बदलणार नाही, तेव्हा टायपिंगवर खर्च करू नका. तो पैसा कुंपणाला लावा. रानडुकराला पाळीव डुकराच्या नाकाला नाक लावता येऊ नये यासाठी दुहेरी कुंपण हवं, मध्ये माणूस चालेल एवढी जागा सोडून. आफ्रिकन स्वाइन फिव्हरच्या दृष्टीनेही ते करायलाच हवं. वयाप्रमाणे गट वेगळे ठेवा, एक गट पूर्ण गेल्याशिवाय आणि शेड धुऊन वाळल्याशिवाय नवा गट भरू नका. लस मिळाली तर घ्या. तिने खोकला आणि फुप्फुसावरचे डाग कमी होतात, जंतू मात्र पूर्ण जात नाही.

प्रश्न : आमच्याकडे घरामागे चार गावठी डुकरं आहेत, आगोंदची. एक खोकतं. टायपिंग करावं का?
— काणकोण, गोवा

उत्तर : नको. खोकणारं डुक्कर वेगळं बांधा, जागा कोरडी ठेवा, वारा खेळू द्या आणि डॉक्टरांना दाखवा. जंताचं औषध दिलंय का तेही बघा, फुप्फुसातल्या जंतांमुळेही डुकरं खोकतात. मात्र ही चार डुकरं आगोंद गोवन या आपल्या नोंदणीकृत देशी जातीची आहेत, म्हणून बाहेरचं संकरित डुक्कर त्यांच्यात आणून सोडू नका. जंतू बहुतेक वेळा तसेच येतात.

प्रश्न : मॅडम, मी नव्यानेच पशुधन विकास अधिकारी म्हणून रुजू झालोय. नमुना पाठवला की ‘जंतू वाढला नाही’ असं उत्तर येतं. नमुना कसा घ्यावा?

उत्तर : हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि सगळं टायपिंग इथेच अडतं. मी टेबलाच्या पलीकडे बसून वर्षानुवर्षं असे डबे उघडले आहेत: उन्हात राहून फुगलेल्या डुकराचं फुप्फुस, वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात तरंगणारी पिशवी, सगळे अवयव एकाच डब्यात. त्यातून आतड्यातले जंतू वाढतात, आणि हवा तो जंतू त्यांच्याखाली दबून जातो.

अचानक मरतुक असेल तर शव उघडण्याआधी आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा संशय वरिष्ठांना कळवा. शंका असेल तर नमुने ठरलेल्या मार्गाने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडेच जायला हवेत. रक्त मातीत सांडून साथ पसरवायला आपण कारण होता कामा नये.

तो संशय फिटला की नुकतं मेलेलं आणि ज्याला अजून प्रतिजैविक दिलेलं नाही असं डुक्कर निवडा. फुप्फुस कुठे बिघडलंय ते नीट पाहून लिहा. मागचा मोठा खंड काळपट, कडक, वर फायब्रिनचा (गोठलेल्या रक्तप्रथिनाचा) पापुद्रा असेल तर एपीपीचा विचार येतो. पुढच्या, खालच्या खंडांवर सीमा स्पष्ट असलेले जांभळट डाग असतील तर मायकोप्लाझ्मा आणि पाश्चुरेला. नमुना पूर्ण सडलेल्या भागाच्या मधोमध घेऊ नका. निरोगी आणि बिघडलेल्या भागाच्या सीमेवरचा, मुठीत मावेल एवढा तुकडा घ्या, जिवंत जंतू तिथे असतात. प्रत्येक अवयवाला वेगळी पिशवी. बर्फावर पाठवा, पण गोठवू नका. एपीपी नाजूक आहे, त्याला वाढायला एनएडी हे पोषकद्रव्य लागतं आणि तो लवकर मरतो. दुसरा छोटा तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाका, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी. फॉर्मॅलिनमधला तुकडा कल्चरला (जंतू वाढवायला) चालत नाही आणि टायपिंगसाठीही जवळजवळ निरुपयोगी असतो, म्हणून दोन्ही गोष्टी एका डब्यात कधीही नकोत.

सोबतच्या कागदावर ‘रोगनिदान व्हावे’ एवढंच लिहू नका. ‘बी प्रकार आहे का, लसीचा निर्णय घ्यायचा आहे’ असं लिहा. प्रयोगशाळेतल्या माणसाला तुमचा प्रश्न कळला की तो नेमकी चाचणी लावतो, आणि वाढवलेला जंतू फेकून न देता जपून ठेवतो. सहा महिन्यांनी दुसरी साथ आली तर तुलना करायला तोच जंतू लागणार आहे.

प्रश्न : माझे वडील डुकराचं मांस कापून विकतात. या जंतूंपैकी माणसाला कुठला होतो? घरात सगळ्यांना भीती वाटते.

उत्तर : एपीपी, मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए आणि ग्लेसरेला यांच्यामुळे माणसं आजारी पडत नाहीत, ती भीती सोडा. जपायचं ते स्ट्रेप्टोकॉकस सुइसपासून, त्यातही प्रकार २ पासून. डुकराच्या टॉन्सिलमध्ये आणि नाकात तो राहतो, आणि कापलेल्या बोटातून किंवा कच्च्या मांस-रक्तातून माणसात येतो. चीनच्या सिचुआन प्रांतात २००५ साली त्याने २१५ माणसांना गाठलं, त्यांतली ३८ दगावली. बहुतेक जण घरी आजारी किंवा मेलेलं डुक्कर कापणारे शेतकरी होते. त्या जंतूचं टायपिंग केल्यावर तो एसटी-७ निघाला, जगभर पसरलेल्या एसटी-१ पासून सातांपैकी एकाच जनुकात वेगळा. व्हिएतनाममध्ये मोठ्या माणसांच्या जीवाणूजन्य मेंदूज्वराचं हे एक प्रमुख कारण आहे, आणि बऱ्या झालेल्या अनेकांना कायमचं बहिरेपण येतं.

वडिलांना सांगा: आजारी किंवा आपोआप मेलेलं डुक्कर कापायला घ्यायचं नाही, कितीही स्वस्त मिळालं तरी. हातावर जखम असेल त्या दिवशी हातमोजे घालायचे, आणि डोक्याचा, गळ्याचा भाग कापताना ते रोजच घालायचे. काम झाल्यावर हात, सुरी आणि ठोकळा साबणाने धुवायचा. मांस आतपर्यंत शिजलं की जंतू मरतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला भीती नाही. काम केल्यानंतरच्या काही दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी, मान आखडणं किंवा कानाने कमी ऐकू येणं असं काही झालं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा की हे डुकराच्या मांसाचं काम करतात. पेनिसिलिन गटातली औषधं या जंतूवर सहसा चांगली चालतात, पण ती वेळेवर सुरू व्हायला हवीत.